देव अनेक, पंगत एक!

मिष्टी दोई, ट्राम, दुर्गापूजा... झालं कोलकाता? छे! जगातल्या धर्मांचं कशाकशावर एकमत आहे, ते इथे गल्लोगल्ली दिसतं. चला, फटाफट फेरी मारू!

चाव्या कोणाकडे? माहीत आहे का, १८८४ सालचं मागेन डेव्हिड सिनेगॉग मुस्लिम कुटुंबं सांभाळतात? तेही पिढ्यान् पिढ्या! शहरात ज्यू उरलेत अगदी मोजके, पण त्यांचं प्रार्थनास्थळ लख्ख आहे. दुसऱ्याची ठेव जिवापाड जपावी, हे कुठला धर्म सांगत नाही?

ॲडमिशन ओपन! ज्यू मुलींसाठी १८८१मध्ये सुरू झालेली ज्युइश गर्ल्स स्कूल आजही भरते. आणि आज तिथल्या बहुतेक विद्यार्थिनी आहेत मुस्लिम. विद्यादान म्हटलं की जात-धर्म आउट ऑफ सिलॅबस!

केक-मत! न्यू मार्केटमधली नाहूम बेकरी १९०२ सालची. ती थाटली एका बगदादी ज्यूने, सण ख्रिश्चनांचा आणि प्लम केकच्या रांगेत अख्खं शहर!

नैवेद्याला नूडल्स? होय! टेंगराच्या चायनाटाउनमधल्या चिनी काली मंदिरात देवीला नूडल्स आणि चॉप सुईचा नैवेद्य दाखवतात. आपल्या घरातलं चांगलंचुंगलं आधी देवाला, मग सगळ्यांना वाटून!

शेवटचा निरोप, ज्याचा त्याचा. आता जरा थांबा. १९५२मध्ये मदर तेरेसांनी मरणासन्नांसाठी 'निर्मल हृदय' उघडलं ते कालीघाटच्या मंदिराला लागून, यात्रेकरूंच्या जुन्या धर्मशाळेत. तिथे शेवटच्या घटकेला हिंदूच्या ओठी गंगाजल, मुस्लिमासाठी कुराणपठण, कॅथलिकाला अखेरचा तैलाभ्यंग. माणुसकीची याहून मोठी परीक्षा कोणती?

ऑल-रिलिजन टीम! ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेन यांनी १८६६मध्ये 'श्लोकसंग्रह' काढला. हिंदू, ज्यू, ख्रिस्ती, इस्लामी, पारशी वचनं एकाच पुस्तकात! पुढे त्यांनी सहकाऱ्यांना एकेक धर्म अभ्यासाला वाटून दिला. गिरीशचंद्र सेन यांच्या वाट्याला इस्लाम आला आणि १८८६पर्यंत त्यांनी संपूर्ण कुराण बंगालीत आणलं.

आपलं कनेक्शन? आहे ना! हेच केशवचंद्र १८६४मध्ये मुंबईत आले. त्यांच्या भाषणांनी इथली मंडळी भारावली आणि १८६७मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला.

शिकागो, पार्ट टू! १८९३ची सर्वधर्म परिषद म्हणजे कोलकात्याचे विवेकानंद, हे सगळ्यांना ठाऊक. पण माहीत आहे का, मुंबईचे बी. बी. नगरकरही तिथे बोलले होते? बरोबर १०० वर्षांनी, १९९३मध्ये, शिकागोतच अनेक धर्मांच्या प्रतिनिधींनी जागतिक नीतीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. गाभा काय? स्वतःला जे नको, ते दुसऱ्याला करू नका. हिंसा नको, लुबाडणूक नको, खोटेपणा नको, स्त्री-पुरुषांना समान मान द्या.

दुसऱ्याची श्रद्धा जपायला आपली सोडावी लागत नाही. कोलकात्यात हे रोज घडतं. मग आपल्या गल्लीत का नाही?