घटक ४ : युद्धजायबंदी सैनिकांचे व्यावसायिक पुनर्वसन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• निवृत्तिवेतन व व्यावसायिक पुनर्वसन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• पुणे-खडकी परिसरातील पुनर्वसन-संस्थांच्या कार्याचा परिचय होईल.
• राखीव जागा, शैक्षणिक अर्हता आणि प्रत्यक्ष रोजगार यांचा परस्परसंबंध सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, युद्धाविषयीचे लेखन आपण वाचले असेल. त्यात रणांगणावरील पराक्रमाचे वर्णन असते, वीरमरणाचा गौरव असतो. जखमी होऊन घरी परतलेला सैनिक पुढची तीस-चाळीस वर्षे कसा जगतो, हा प्रश्न मात्र त्या लेखनात क्वचितच येतो. सैनिक ऐन तारुण्यात भरती होतो. पंचविशीत पाय गमावलेल्या जवानापुढे कामाचे जवळजवळ सारे आयुष्य शिल्लक असते. घरी वृद्ध आईवडील असतात, पत्नी असते, शाळेत जाणारी मुले असतात. जखम भरून आली म्हणजे रुग्णालयाचे काम संपते. त्या कुटुंबाचा प्रश्न तेथून सुरू होतो. त्या प्रश्नाला समाज आणि शासन कोणते उत्तर देतात, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

४.३ निवृत्तिवेतन आणि पुनर्वसन

सैनिकी सेवेमुळे उद्भवलेल्या, किंवा सेवेमुळे बळावलेल्या, अपंगत्वाबद्दल सैनिकाला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते. वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे प्रमाण टक्केवारीत ठरवते आणि त्यानुसार रक्कम निश्चित होते. हा सैनिकाचा हक्क आहे. त्यात उपकाराचा भाग नाही.

तथापि निवृत्तिवेतन हे झालेल्या हानीचे मोल असते. त्याची दृष्टी भूतकाळाकडे असते. व्यावसायिक पुनर्वसनाची दृष्टी भविष्याकडे असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५५ साली केलेल्या शिफारशीत या संकल्पनेची व्याख्या आढळते. तिचा आशय असा की, अपंग व्यक्तीला योग्य रोजगार मिळवता यावा आणि तो टिकवता यावा, यासाठी दिले जाणारे मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि अनुरूप नियुक्ती म्हणजे व्यावसायिक पुनर्वसन होय. या व्याख्येतील ‘टिकवता यावा’ हा भाग आपण विशेष लक्षात ठेवावा. नेमणुकीचे पत्र हातात पडले म्हणजे पुनर्वसन पूर्ण झाले असे होत नाही.

४.४ पुणे-खडकीची परंपरा

या विषयाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धात लाखो भारतीय सैनिक युरोप, मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिका येथील आघाड्यांवर लढले. त्यांतील अनेक जण हात-पाय गमावून परतले. अशा सैनिकांना एखादा उद्योग शिकवावा, या हेतूने १९१७ साली मुंबईत एक तांत्रिक शाळा सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळील खडकी येथे हलवण्यात आली. आजची ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ ती हीच. शिवणकाम, यंत्रावरील विणकाम यांसारखे बसून करता येण्याजोगे व्यवसाय तेथे प्रारंभी शिकवले जात. काळाबरोबर अभ्यासक्रम बदलले. मूळ हेतू मात्र कायम राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या व्यवस्थेला नवी जोड मिळाली. १९४३ साली देहरादून येथे युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी ‘सेंट डन्स्टन्स’ वसतिगृह स्थापन झाले. त्याची धुरा सांभाळणारे क्लुथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे सैनिक स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत अंध झाले होते. १९४४ साली पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर निकामी झालेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकी येथे ‘पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर’ सुरू झाले.

या संस्थांचा क्रम पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. कृत्रिम पाय माणसाला उभे करतो, चाकांची खुर्ची त्याला घराबाहेर नेते, आणि प्रशिक्षण त्याला कामाच्या जागी पोहोचवते. यांतील एक दुवा जरी निखळला तरी उरलेल्या दोहोंचे मोल कमी होते.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण आपल्या परिचयाचे असेल. सांगली जिल्ह्यातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा जायबंदी झाला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. पदकाची ही कथा सर्वतोमुखी आहे. पुण्याच्या टेल्को कंपनीत त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली, ही गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. प्रत्येक जायबंदी सैनिक पदक जिंकू शकत नाही. महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या कष्टाचा पगार घरी आणणे मात्र अनेकांना शक्य असते. पुनर्वसनाचे यश मोजायचे ते या मापाने.

४.५ पुनर्वसनाचे टप्पे

व्यावसायिक पुनर्वसनाचा पहिला टप्पा मूल्यमापनाचा. येथे दोन प्रश्न विचारले जातात : शरीराने काय गमावले, आणि माणसाजवळ काय शिल्लक आहे? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

असे समजा की, दहा वर्षे सैन्यात वाहनचालक असलेल्या जवानाचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जड वाहन चालवणे त्याला आता कठीण आहे. परंतु इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणे, सुट्या भागांचा हिशेब ठेवणे, ताफ्याच्या मार्गाचे नियोजन करणे, नोंदवही चोख राखणे, हे सारे ज्ञान त्याच्या पायाबरोबर गेलेले नाही. वाहन-दुरुस्तीच्या कारखान्यातील तपासनीस, भांडारपाल किंवा मालवाहतूक कंपनीतील नियोजक म्हणून तो उत्तम काम करू शकतो. अडचण अशी की, हे ज्ञान सैनिकी परिभाषेत नोंदलेले असते. नागरी मालकाला त्या नोंदींचा अर्थ लागत नाही. त्या कौशल्यांना नागरी व्यवहारातील नाव देणे आणि त्याला मान्य असे प्रमाणपत्र मिळवून देणे, हा दुसरा टप्पा होय.

तिसरा टप्पा नियुक्तीचा. केंद्रीय पातळीवर संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय, राज्य पातळीवर सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशी ही साखळी आहे. गावाकडच्या माजी सैनिकाचा संबंध प्रथम जिल्हा कार्यालयाशी येतो. नाव नोंदणी, ओळखपत्र आणि योजनांची माहिती या गोष्टी तेथे होतात.

चौथा टप्पा नोकरी टिकवण्याचा, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. प्रवेशद्वारापाशी उतरंड नसणे, वापरता येईल असे स्वच्छतागृह नसणे, सहकाऱ्यांनी दयेपोटी कामच न सोपवणे, अशा वरवर किरकोळ दिसणाऱ्या कारणांनी माणसे नोकरी सोडतात.

४.६ राखीव जागा आणि त्यांच्या मर्यादा

केंद्र सरकारच्या सरळसेवा भरतीत माजी सैनिकांसाठी गट ‘क’मध्ये १० टक्के व गट ‘ड’मध्ये २० टक्के जागा राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँकांत हे प्रमाण अनुक्रमे १४.५ व २४.५ टक्के असून, त्यांतील ४.५ टक्के जागा जायबंदी माजी सैनिक आणि युद्धात कामी आलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या गट ‘क’ व ‘ड’च्या सेवांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. याखेरीज दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व, असलेल्या व्यक्तींसाठी ठेवल्या आहेत.

या तरतुदी पाहून प्रश्न सुटला असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु राखीव जागा असणे आणि त्या जागेसाठी पात्र ठरणे, या भिन्न गोष्टी आहेत. एक नियम पाहू. दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाची किमान १५ वर्षे सेवा झाली असेल, तर पदवीची अट असलेल्या गट ‘क’च्या राखीव पदांसाठीही त्याचा विचार होऊ शकतो. सैन्यातील अनुभवाचा हा योग्य सन्मान आहे. आता सेवेच्या आठव्या वर्षी जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या जवानाचा विचार करा. ज्याला नोकरीची गरज अधिक, त्याच्याकडेच १५ वर्षांची सेवा नाही. पूर्ण सेवा करून धडधाकट परतलेल्या सोबत्याला मिळणारी ही सवलत त्याच्या वाट्याला येत नाही. जखमेने त्याचा पाय नेला आणि त्याबरोबर अर्हतेची ती सातही वर्षे नेली.

ही उणीव भरून काढण्याचा एक खात्रीचा मार्ग शिक्षणाचा आहे. येथे मुक्त शिक्षणाचे महत्त्व प्रकट होते. उपचारांसाठी वारंवार रुग्णालयात जावे लागणाऱ्या माणसाला रोज महाविद्यालयात बसणे शक्य नसते. घरी राहून, स्वतःच्या गतीने पदवी मिळवणे त्याला शक्य असते. आपण ज्या पद्धतीने हे पुस्तक अभ्यासत आहात, त्याच पद्धतीने तोही शिकू शकतो. आपल्या अभ्यासकेंद्रात असा सहाध्यायी असल्यास, त्याच्यासाठी पदवीचा अर्थ काय आहे, हे आपल्याला आता अधिक स्पष्टपणे कळेल.

४.७ सारांश

निवृत्तिवेतन सैनिकाच्या हानीची भरपाई करते. व्यावसायिक पुनर्वसन त्याला पुन्हा मिळवते करते. महाराष्ट्रात या कार्याला १९१७ पासूनची परंपरा आहे. मूल्यमापन, प्रशिक्षण, नियुक्ती आणि नोकरी टिकवणे हे त्याचे चार टप्पे होत. आरक्षणाने दार उघडते. परंतु अर्हता, सोयी आणि सहकाऱ्यांची समजूत यांच्याविना त्या दारातून आत जाता येत नाही. जायबंदी सैनिकाला आदर द्यावा, हे सर्वांना मान्य असते. त्याला काम द्यावे आणि त्या कामाची त्याच्याकडून इतरांइतकीच अपेक्षा ठेवावी, ही त्या आदराची खरी कसोटी आहे.

४.८ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. निवृत्तिवेतन व व्यावसायिक पुनर्वसन यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘माणसाजवळ काय शिल्लक आहे?’ हा प्रश्न मूल्यमापनात अधिक महत्त्वाचा का ठरतो?
३. १५ वर्षांच्या सेवेची अट जायबंदी सैनिकाला कशी अडचणीची ठरते, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला भेट देऊन तेथील रोजगारविषयक कामाची माहिती मिळवा व सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.