हत्तीरोगाच्या गोळ्या व सुटलेलीं माणसें

हत्तीरोग म्हणजे काय हें समुद्रकांठच्या वाचकांस फार सांगावयास नको. जड, सुजलेला पाय ओढीत चालणारें एखादें वृद्ध माणूस पुष्कळांनीं पाहिलें असेल. हा रोग शापानें होत नाहीं, कीं वंशपरंपरेनें येत नाहीं. सांडपाण्यांत वाढणारा क्यूलेक्स डांस एकाच्या रक्तांतील सूक्ष्म कृमि दुसऱ्याच्या अंगांत पोंचवितो. तेथें ते वाढून दोऱ्यासारखे होतात व रसवाहिन्यांत ६ ते ८ वर्षें बिऱ्हाड करितात. त्यांचीं पिल्लें रात्रीं रक्तांत हिंडतात. म्हणून तीं पिल्लें शोधण्यासाठीं रक्त रात्रीं तपासतात. या काळांत माणूस वरून धडधाकट दिसतें. सूज येते ती मागाहून, आणि पाय एकदां जाड झाला म्हणजे गोळीनें तो पूर्ववत् होत नाहीं.

यास्तव केवळ रोग्यासच नव्हे, तर गांवांतील सर्वांस वर्षांतून एकदां औषध द्यावें, असा उपाय निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनें तो २००० सालीं हातीं घेतला. भारतांत २००४ पासून तो राष्ट्रीय प्रमाणावर सुरू झाला. डी.ई.सी. व अल्बेंडाझोल या दोन औषधांस २०१८ नंतर कांहीं जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हें तिसरें जोडण्यांत आलें. आमचा पालघर जिल्हाहि हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो, आणि येथें अशा फेऱ्या झालेल्या आहेत.

एकंदर लोकवस्तीपैकीं निदान ६५ टक्के लोकांनीं गोळ्या गिळल्या तर फेरी परिणामकारक समजतात. उरलेल्या ३५ जणांचें काय? विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें. दर वर्षीं केवळ योगायोगानें कोणीहि सुटला, तर १०० पैकीं दोन फेऱ्यांनंतर सुमारें १२, तीन फेऱ्यांनंतर ४, व पांच फेऱ्यांनंतर एकहि पुरता माणूस औषधावांचून राहत नाहीं. परंतु दर वर्षीं तेच ते सुटले, तर पांच फेऱ्यांनंतरहि ३५ ते ३५ च. डांसाला तेवढे पुरे आहेत.

आतां आगाशीकडे पाहूं. विरारची गाडी गांठणारा चाकरमानी पहांटे निघतो तो दिवेलागणीनंतर परततो. अर्नाळ्याचा कोळी होडीवर असतो. आशाताई दिवसां दारीं येते, तेव्हां "त्यांच्या गोळ्या ठेवून जा" असें घरांतून सांगण्यांत येतें. गोळी समक्ष गिळवावी असा नियम आहे, आणि तो उगाच नाहीं. ठेवलेली गोळी बहुधा फडताळांतच राहते. पुरुषांचें हें सुटणें संध्याकाळच्या किंवा रविवारच्या फेरीनें बरेंच भरून निघण्याजोगें आहे.

स्त्री घरीं असते, तेव्हां तिला औषध मिळालेंच असणार, असें आपण धरून चालतों. तसें नाहीं. गरोदर स्त्रीस हें औषध देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. परंतु अंगावर पाजणाऱ्या आईस सरसकट मनाई नाहीं. आयव्हरमेक्टिन देतात तेथें बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा वगळावयाचा, इतकेंच. घरोघर मात्र ही मनाई मूल दूध सोडीपर्यंत लांबते, आणि तोंवर दुसऱ्या वेळेस दिवस जातात. अशा रीतीनें दोन-तीन मुलांची आई लागोपाठ कित्येक फेऱ्यांस मुकूं शकते. नव्या सुनेस याविषयीं परक्यापुढें विचारण्याचा संकोच. मग सासूबाईच "तिला नको" म्हणून मोकळ्या होतात. शिवाय गोळ्या उपाशीपोटीं घ्यावयाच्या नाहींत, आणि सर्वांस वाढून शेवटीं जेवणारी बाई अकरा वाजतां जेवलेलीच नसते! हीं कारणें क्षुल्लक वाटतात, पण तीं दर वर्षीं त्याच बाईच्या वाट्यास येतात. भिंतीवर खूण झाली म्हणजे घर झालें असें मानतात. भिंतीवरची खूण घराची असते, माणसाची नसते. यंदा गरोदरपणामुळें जिला वगळलें, तिचें नांव पुढील वर्षीं प्रथम वाचलें पाहिजे.

रोग जडल्यावरहि हा भेद सुटत नाहीं. पुरुषांतील अंडवृद्धि शस्त्रक्रियेनें दूर होऊं शकते. सुजलेल्या पायास तसा झटपट उपाय नाहीं. तो रोज साबणानें व स्वच्छ पाण्यानें धुवावा लागतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या लागतात, चिरांस मलम लावावें लागतें, आणि बसतां-निजतां पाय उंचावर ठेवावा लागतो. बाईचा पाय लुगड्याखालीं झांकतां येतो, व लग्न मोडेल या भीतीनें मुलीचा तर झांकलाच जातो. डॉक्टरांस दाखविला जातो तो फार उशिरां. आणि पाय वर घेऊन घटकाभर बसणें घरांतील कोणाच्या वांट्यास सर्वांत कमी येतें, तें विद्यार्थ्यांनीं आज संध्याकाळीं आपल्याच घरीं पाहावें.