पंचेचाळीस सेकंदांची नोकरी: आइस हॉकीच्या विंगरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

६ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या एल्मंटमध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सचा डावा विंगर अलेक्सांदर ओव्हेच्किन याने नॅशनल हॉकी लीगमधला, म्हणजे एनएचएलमधला, आपला ८९५ वा गोल केला आणि वेन ग्रेट्झकीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. ती चित्रफीत जगभर फिरली. डावीकडच्या वर्तुळात उभा असलेला माणूस, आडवा आलेला पास, एक फटका, गोल. कॅपिटल्स तो सामना ४-१ ने हरले, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. विंगरच्या धंद्याबद्दलचे बहुतेक गैरसमज अशा दहा सेकंदांच्या चित्रफितींतूनच जन्मतात.

‘विंगर म्हणजे कडेने धावत जाऊन गोल मारणारा’

बर्फावर एका वेळी एका संघाचे सहा जण असतात: गोलरक्षक, दोन डिफेन्समन, मध्ये सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन विंगर. एनएचएलचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. त्याच्या भोवती लाकडी-प्लास्टिकच्या बोर्डांची भिंत आणि वर जाड काच. आपल्या मैदानी हॉकीत चेंडू रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो, इथे पक, म्हणजे चेंडूऐवजीची चकती, भिंतीला आपटून परत येतो. म्हणून ही भिंत हीच विंगरची खरी कामाची जागा. स्वतःच्या गोलजवळून निघालेला पास तो बहुतेक वेळा भिंतीला चिकटून घेतो. पाठ मैदानाकडे, नजर पकवर आणि मागून शंभर किलोचा डिफेन्समन अंगावर येतोय. तिथे पक हातचा गेला तर पुढच्या दोन-तीन सेकंदांत आपल्याच गोलवर फटका बसू शकतो.

बचावातलं काम तर चित्रफितीत येतच नाही. प्रतिस्पर्ध्याचे डिफेन्समन निळ्या रेषेपाशी उभे राहून लांबून फटके मारतात. त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं, वेळ आली तर आडवं पडायचं, हे विंगरचं काम. पक म्हणजे गोठवून घट्ट केलेल्या रबराची सुमारे १७० ग्रॅमची चकती. ती ताशी दीडशे किलोमीटरने येत असताना पायावर घेणाऱ्याच्या नावापुढे गोल लागत नाही. पण संघातली त्याची जागा यावरच टिकते.

उजव्या बाजूचा विंगर उजव्या हाताचाच असणार, हाही असाच एक समज. ओव्हेच्किन डाव्या बाजूला खेळतो आणि फटका उजवीकडून मारतो. त्यामुळे त्याच्या स्टिकचं पातं मैदानाच्या मध्याकडे राहतं, आडवा आलेला पास न थांबवता मारता येतो आणि गोलचा कोनही मोठा मिळतो. तोटा असा की भिंतीलगत आलेला पास त्याला उलट्या हाताने घ्यावा लागतो.

‘साठ मिनिटं पळण्याचा दम हवा’

नको. आघाडीचा खेळाडू सलग साधारण ४५ सेकंद बर्फावर असतो. तेवढ्यात सगळी ताकद ओतायची आणि खेळ चालू असतानाच भिंतीवरून उडी टाकून बाकावर परतायचं. कबड्डीतली तीस सेकंदांची चढाई रात्रभरात पंचवीस वेळा करण्यासारखं हे आहे. आघाडीच्या खेळाडूंच्या फळ्या आळीपाळीने उतरतात; पहिल्या फळीतल्या विंगरला सामन्यात एकूण वीसेक मिनिटं मिळतात, चौथ्या फळीतल्याला आठ-दहा. म्हणून इथे लांब पल्ल्याच्या दमापेक्षा मांड्यांची ताकद आणि झटपट सावरण्याची सवय यांना किंमत आहे. ही गोष्ट ज्याच्या आयुष्यात सर्वांत स्वच्छ दिसते, तो यारोमीर यागर.

‘वेग गेला की विंगर संपला’

यागरचा जन्म १९७२ चा, चेकोस्लोव्हाकियातल्या क्लादनो गावचा. नोव्हेंबर १९८९ मध्ये तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग पेंग्विन्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, पाचव्या क्रमांकावर त्याला निवडलं. देशातून पळून न जाता त्या ड्राफ्टला उघडपणे हजर राहिलेला तो पहिला चेकोस्लोव्हाक खेळाडू. त्याच्या पाठीवरचा ६८ हा आकडा काही जण लकी नंबर समजतात. तो १९६८ चा आहे: प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले ते वर्ष, आणि त्याच्या आजोबांच्या मृत्यूचंही.

अठराव्या वर्षी अमेरिकेत पोचलेला हा मुलगा घरच्या आठवणीने इतका कोमेजला, की डिसेंबर १९९० मध्ये क्लबने यिर्झी ह्रदिना नावाचा अनुभवी चेक खेळाडू मुद्दाम दुसऱ्या क्लबकडून आणवला. १९९१ आणि १९९२, लागोपाठ दोन वर्षं पेंग्विन्सने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं. १९९५-९६ च्या हंगामात यागरने १४९ गुण केले (एनएचएलमध्ये गोलला एक गुण, गोलला हातभार लावला तरी एक) आणि विंगरसाठी तो विक्रम ठरला. हंगामात सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस करंडक त्याने पाच वेळा घेतला. १९९८ ला नागानोत ऑलिंपिक सुवर्ण आलं.

यशाच्या गोष्टी साधारण इथे थांबतात. माझ्या मते त्याची खरी कारकीर्द यानंतरची आहे. वॉशिंग्टनमधला काळ फिका गेला. न्यूयॉर्कला आल्यावर २००५-०६ मध्ये, तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षी, त्याने ५४ गोल केले. मग तीन वर्षं रशियातल्या ओम्स्कमध्ये. लोक म्हणाले, झालं. एकोणचाळिसाव्या वर्षी तो एनएचएलमध्ये परतला आणि फिलाडेल्फिया, डॅलस, बोस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा, कॅलगरी असा फिरत राहिला. २०१३ च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) बोस्टनकडून २२ सामन्यांत त्याने एकही गोल केला नाही, तरी १० गोलांना हातभार लावून संघाला अंतिम फेरीत नेण्यात त्याचा वाटा होता. २०१५-१६ मध्ये फ्लोरिडा पँथर्समध्ये सर्वाधिक गुण कुणाचे? चव्वेचाळीस वर्षांच्या यागरचे, ६६.

वेग तर कधीच उतरला होता. उरलं होतं ते भिंतीपाशी पक धरून ठेवण्याचं कसब. पाठ प्रतिस्पर्ध्याला लावायची, मांड्या रुंद रोवायच्या, पक लांब हाताने पलीकडे ठेवायचा. आता काढून दाखव! लहानपणी तो रोज हजार उठाबशा काढायचा असं सांगतात. आकडा कमी-जास्त असेल, पण त्या मांड्यांनी चौदा-पंधरा वर्षांनी लहान डिफेन्समन थोपवले हे खरं. एनएचएलमधल्या १७३३ सामन्यांत १९२१ गुण झाले, ग्रेट्झकीखालोखाल सर्वाधिक. मधली तीन वर्षं रशियात गेली आणि २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात रद्द झाला, हे धरून तो आकडा वाचावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिट्सबर्गने ६८ क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त केली. जर्सी निवृत्त झाली, माणूस नाही. तेव्हाही तो क्लादनोच्या संघातून खेळत होता.

‘मारामारी हा खेळाचाच भाग, त्याला शिक्षा नाही’

शिक्षा आहे. एनएचएलमध्ये पाच मिनिटं बाहेर, ऑलिंपिकमध्ये सामन्यातूनच बाहेर. एकाच सामन्यात गोल, असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला हातभार) आणि मारामारी केली की त्याला ‘गॉर्डी हाउ हॅट्ट्रिक’ म्हणतात. डेट्रॉइटच्या या उजव्या विंगरने स्वतः ती फक्त दोनदा केली. त्याचं खरं नाव ८०१ गोलांसाठी आणि एनएचएलचा शेवटचा हंगाम ५२ व्या वर्षी सगळेच्या सगळे ८० सामने खेळून संपवल्याबद्दल घ्यायला हवं.

मारामारीवरच पोट भरणारे विंगरही होऊन गेले, आणि त्यांची गोष्ट गमतीची नाही. डेरेक बूगार्ड डाव्या बाजूचा. एनएचएलमध्ये २७७ सामने, गोल ३. क्लबला त्याच्याकडून गोल नको होते, मुठी हव्या होत्या. मे २०११ मध्ये वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या मिश्रणाने तो गेला. वय २८. वारंवार मार बसल्याने होणारा सीटीई हा मेंदूचा आजार त्याला जडला होता, हे मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसलं. पुढे लीगमधल्या मारामाऱ्या घटत गेल्या आणि निव्वळ मुठींसाठी ठेवलेला खेळाडू जवळजवळ नाहीसा झाला.

‘वर निवडला गेला की आयुष्य मार्गी लागलं’

१९८४ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस किंग्जने टॉम ग्लाव्हिनला ६९ वा आणि लुक रोबितायला १७१ वा निवडलं. ग्लाव्हिन बेसबॉलकडे वळला आणि तिथे मोठा पिचर झाला. रोबितायने ६६८ गोल केले. ओव्हेच्किनने मागे टाकेपर्यंत एवढे गोल दुसऱ्या कुठल्याच डाव्या विंगरचे नव्हते.

पैशाबद्दलही थोडं. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला ७ लाख ७५ हजार डॉलर होता. पण अनेकांचे करार दुहेरी असतात: वरच्या लीगमध्ये असाल तेवढ्या दिवसांचा तिथला पगार, खालच्या लीगमध्ये पाठवलं की त्याचा लहानसा अंश. आणि स्टॅनले कपसाठी ज्या प्लेऑफमध्ये खेळाडू हाडं मोडून घेतात, त्या दोन महिन्यांचा पगार नसतो. बोनसचा एक सामाईक निधी तेवढा वाटला जातो.

दुहेरी करार, बदल्या, मधूनच खालच्या लीगमध्ये रवानगी: बहुतेक विंगरांचं आयुष्य यागरपेक्षा यासारखं असतं. याचं एक उदाहरण आपल्या नात्यातलं आहे. रॉबिन बावा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये पंजाबी कुटुंबात जन्मलेला उजवा विंगर. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी निवडलं नाही. तरी १९८९ मध्ये तो वॉशिंग्टनकडून बर्फावर उतरला आणि एनएचएलमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. तोही मुठीच्या कामावर होता. प्रेक्षकांकडून वर्णावरून शिव्या खाणं हे त्या कामात न लिहिलेलं कलम होतं. वॉशिंग्टन, व्हँकूव्हर, सॅन होजे आणि ॲनाहाइम या चार क्लबांकडून मिळून त्याच्या नावावर ६१ सामने आहेत. बाकीची वर्षं खालच्या लीगमध्ये गेली, आणि डोक्याला बसलेल्या माराने कारकीर्द संपली.