पेटीतले पुस्तक, उंबऱ्यापाशी

आपल्या घरातील आजींनी किंवा आजोबांनी शेवटचे पुस्तक कधी पूर्ण वाचले, हे आपणांस आठवते का? औषधांच्या वेळा, रक्तदाबाचे आकडे, साखरेचे अहवाल आपण काटेकोरपणे लिहून ठेवतो. वाचन केव्हा सुटले, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते. विचारले तर ठरलेले उत्तर येते, ‘आता मन लागत नाही.’ हे उत्तर दरवेळी जसेच्या तसे स्वीकारू नये. पुष्कळदा मन शाबूत असते, पुस्तक लांब गेलेले असते.

वसई गावात, होळीच्या परिसरात राहणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या वाचकाचा विचार करा. घराचा जिना उतरायचा, बाजाराच्या वेळची गर्दी आणि दुचाक्या चुकवायच्या, पावसाळ्यात एका हाती छत्री आणि दुसऱ्या हाती काठी. एवढे करून वाचनालयात पोहोचावे, तर हवे ते पुस्तक कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर असते आणि वाकले की कंबर धरते. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर वर्गणी भरायची राहून जाते. पडण्याच्या भीतीने माणूस आधी रस्ता सोडतो आणि मग पुस्तक. घरच्यांना वाटते, वयच झाले!

या अडचणीवर एक साधा उपाय जगात रूढ झाला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन या गावी २००९ साली टॉड बोल नावाच्या गृहस्थांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ घराच्या अंगणात एक छोटी लाकडी पेटी उभारली. पुस्तक न्यावे, जमल्यास दुसरे ठेवावे, एवढाच नियम. पुढे अशा पेट्या अनेक देशांत उभ्या राहिल्या. परंतु मला आपल्याकडचे उदाहरण ज्येष्ठांच्या दृष्टीने अधिक सोयीचे वाटते. त्याच २००९ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी सुमारे ३५ वाचकांच्या गटाकडे येते. गटातील एकजण ती सांभाळतो. काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि तिच्या जागी नवी शंभर पुस्तके येतात. वाचकाला पैसे मोजावे लागत नाहीत, खर्चाचा भार देणगीदार उचलतात. ही पेटी दुबईपर्यंत आणि पुढे अन्य देशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचली आहे.

रस्त्यावरची पेटी अनोळखी माणसांवर विश्वास टाकते, ही तिची थोरवी खरीच. पण तिथवर जावे लागते, आणि पुस्तक घेऊन परतताना कोणाशी बोलणे होईलच असे नाही. नाशिकच्या पेटीमागे एक माणूस असतो. ‘मागचे कसे वाटले?’ असे विचारणारा तो माणूस एकट्या राहणाऱ्या वृद्धाला पुस्तकाइतकाच हवा असतो. पेटीतून ग्रंथ गावोगाव पाठवण्याची ही रीत तशी जुनीच. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेतून बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांपर्यंत जात असत.

आता आरोग्याविषयी. अमेरिकेत पन्नाशीपुढील ३,६३५ व्यक्तींची माहिती तपासून येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली एक निष्कर्ष मांडला: बारा वर्षांच्या काळात पुस्तके वाचणाऱ्यांमधील मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. त्याआधी २००३ साली न्यूयॉर्कमधील ४६९ वृद्धांच्या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले होते. यावरून पुस्तक म्हणजे औषध, असे कोणी समजू नये. ज्यांची प्रकृती मुळात बरी असते तेच अधिक वाचतात, हेही शक्य आहे. तरीही या अभ्यासांतून काळजीवाहकांनी एक व्यावहारिक गोष्ट अवश्य घ्यावी. आयुष्यभर वाचणाऱ्या माणसाने वाचन सोडले, तर ते एक लक्षण समजावे. सर्वप्रथम डोळे तपासून घ्यावेत, कारण मोतीबिंदू किंवा बदललेला चष्म्याचा नंबर हे साधे आणि उपाय असलेले कारण असू शकते. उपचाराविना राहिलेल्या दृष्टिदोषाचा समावेश २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा जोखमींत केला आहे. डोळे ठीक असतील, तर मनाची उदासी आणि विसराळूपणा यांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

आपल्या वाडीत, आळीत किंवा सोसायटीत पेटी सुरू करावयाची असल्यास तिची जागा विचारपूर्वक निवडा. गच्चीवर किंवा पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात नको. तळमजल्यावर, ओसरीत, छपराखाली आणि बाकाशेजारी हवी, म्हणजे बसून पुस्तक चाळता येईल. पुस्तके कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत असावीत, कोणालाही वाकावे वा टाचा उंचवाव्या लागू नयेत. वसईची खारी, दमट हवा आणि इथला पाऊस कागदाचा वैरी आहे. पेटी भिंतीला चिकटवू नये, तिला पाय असावेत आणि वारा खेळण्यापुरती भोके. डांबराच्या गोळ्या टाळलेल्या बऱ्या. त्यांच्या उग्र वासाने दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. दीर्घकाळ बंद असलेली पुस्तके दुसऱ्याच कोणी तरी आधी झटकून, पुसून पेटीत ठेवावीत. हे काम नातवंडांकडे द्यावे, त्यांनाही आवडते.

निवडीबाबत थोडी शिस्त हवी. घरातली अडगळ म्हणून काढलेली पाठ्यपुस्तके आणि जुन्या गाइडांचे गठ्ठे पेटीत आले, की आठवड्यात तिची रद्दी होते. अक्षर मोठे, ओळींमध्ये मोकळी जागा आणि वजन हलके, ही पहिली कसोटी. जाडजूड कादंबरी संधिवाताच्या मनगटाला पेलत नाही. ती टेबलावर पोथीच्या लाकडी घडीवर ठेवून वाचावी. दिवाळी अंक वजनाला सोयीचे, मात्र त्यांतील बारीक टाइप डोळ्यांना जाचतो. चष्म्याच्या दोरीला एक भिंग अडकवून पेटीतच ठेवून द्या. वसईचे वाचकविश्वही त्यात दिसावे: संतसाहित्याशेजारी ‘सुवार्ता’चे जुने अंक, वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची पुस्तके, शेतीवरची, पाककृतींची, प्रवासवर्णने. ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारा लेखक आपल्याच परिसरातला होता, हे नातवंडांना सांगण्याचे निमित्तही मिळते.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पेटी खोलीपर्यंत जायला हवी. कापडी पिशवीत चार पुस्तके घालून ती दर पंधरा दिवसांनी घरी नेणारा एकजण नेमावा. चारच न्यावीत, कारण दहा पाहिली की निवडणेच नको होते. ज्यांना वाचवत नाही त्यांना वाचून दाखवा. स्मृती क्षीण झालेल्या व्यक्तीसाठी नवी कथा शोधण्याची गरज नाही. तरुणपणी आवडलेले पुस्तक, रोज तीच दहा पाने असली तरी चालतात. पुढचे वाक्य त्यांनी आधीच म्हटले तर थांबा आणि त्यांना म्हणू द्या.

पेटीला कुलूप नको, वही मात्र हवी. नाव, पुस्तक आणि तारीख लिहायची. परत आणण्याची तारीख लिहू नका, उशिराच्या भीतीने संकोची माणसे पुस्तक नेतच नाहीत. काही पुस्तके हरवतील, तेवढे गृहीत धरावे. ती वही सांभाळणाऱ्याने अधूनमधून मागची पाने उलटावीत. एखादे नाव महिनाभर दिसले नाही, तर संध्याकाळी पिशवीत एक पुस्तक घालून त्या घरची बेल वाजवावी.