गोदावरीच्या अलीकडची बाई

आत्याची फाईल आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर, बायॉप्सीचा कागद, शेकाच्या तारखा लिहिलेलं कार्ड. केसपेपरवर नाव बरोबर, वय अंदाजे आणि पत्ता साफ चुकीचा. तालुका माजलगाव, जिल्हा बीड. आत्या सबंध आयुष्य पाथरी तालुक्यात राहिली, म्हणजे परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या अलीकडे. पलीकडे माजलगावला तिची नणंद असते.

पत्ता कुणा कारकुनाने चुकवला नव्हता. आम्हीच तो दिला होता. २०१४ साल होतं, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला होता आणि धाकटीची सोयरीक चालली होती. आत्या म्हणाली, "आपल्या गावचं नाव नका घालू रे बाबा. कुणी चौकशीला आलं तर?" गावात आम्ही 'पोटाचा आजार' एवढंच सांगत होतो. तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन आम्ही नणंदेचा पत्ता लिहून दिला आणि मोकळे झालो.

ही लबाडी किती दूर जाते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. भारतातलं पहिलं लोकसंख्येवर आधारित नोंदणी केंद्र १९६३ मध्ये मुंबईत सुरू झालं, इंडियन कॅन्सर सोसायटीतर्फे, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. पण आपल्या भागाशी नातं सांगणारी गोष्ट आहे ती बार्शीची. १९८७ मध्ये तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात ग्रामीण नोंदणी केंद्र उभं राहिलं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं त्यांनी घेतली. शहरात इस्पितळांचे कागद चाळले की रुग्ण सापडतात. खेड्यात रुग्ण इस्पितळापर्यंत पोचतच नाही, मग कागद कुठले? म्हणून केंद्राचे कार्यकर्तेच गावोगाव फिरले, सरपंच-शिक्षकांना भेटले, अंगावरून अवेळी जाणं, न भरणारी जखम ही लक्षणं सांगत राहिले, संशय आला त्याला दवाखान्यात घेऊन आले. मोजायला गेलेली माणसं लोकांना लवकर उपचाराला आणू लागली. मला या कामातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो.

या वहीचा खरा उपयोग कळला तो एका मोठ्या अभ्यासात. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावांनुसार चार गट केले गेले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. पुढे आठ वर्षं कुणाला आजार झाला, कोण दगावलं हे पाहायचं, तर त्यासाठी नोंदवही हवीच. बार्शीचे डॉक्टर, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती माहिती वाटून घेतली. निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एचपीव्ही या विषाणूची चाचणी ज्या गटाला देऊ केली, त्यातल्या सुमारे ३४ हजार बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांत ६४. जागतिक आरोग्य संघटना आज याच चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या पुराव्यात परांडा-भूमच्या शेजारपाजारच्या बायकांचा वाटा आहे.

त्या चौसष्ट जणींचं काय, हा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो योग्यच होता. ज्यांना तपासणी मिळाली नाही, त्या केवळ तुलनेसाठी होत्या का? दुसरीकडे त्या वेळी आपल्या खेड्यांत अशी तपासणी नेहमीच्या आरोग्यसेवेत होत नव्हती, हेही खरं. मला या वादाचा निकाल देता येत नाही. ज्यांच्या आजारातून ज्ञान मिळतं त्यांच्या दारापर्यंत ते परत यायला हवं, एवढं मात्र ठामपणे वाटतं.

आत्याची भीती होती नावाची. ती खोटी नव्हती, पण अर्धवट माहितीची होती. नोंदणी केंद्राला नाव-पत्ता लागतो तो मुख्यतः एकाच रुग्णाची तीनदा नोंद होऊ नये म्हणून. आपला माणूस आधी जिल्ह्याच्या गावी, मग संभाजीनगरला, मग बार्शीला किंवा मुंबईला टाटात जातो. नावं ताडून पाहिली नाहीत तर एकाचे तीन रुग्ण होतात. संशोधकांकडे पुढे जातात ते वय, लिंग, आजाराची जागा, निदानाची तारीख. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही, अशी अट आहे. अर्थात लहान गावात वय आणि आजार एवढ्यावरूनही बाई ओळखू येते. ही काळजी कायद्याने संपत नाही, वही सांभाळणाऱ्याच्या सचोटीवर ती उरतेच.

आणि मग पत्त्याची गोष्ट. नोंदणी केंद्र रुग्ण मोजतं ते राहण्याच्या ठिकाणावरून, उपचार कुठे झाले यावरून नव्हे. २०२० मध्ये आलेल्या राष्ट्रीय अहवालात २०१२ ते २०१६ या वर्षांचे, देशातल्या २८ केंद्रांचे आकडे होते. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी ग्रामीण आणि उस्मानाबाद-बीड. परभणी त्यात नाही. म्हणजे नदीपलीकडची बाई मोजली जाते आणि अलीकडची नाही. आत्याचा पत्ता कुणी पडताळला नसेल, तर ती बीडच्या आकड्यात एक म्हणून बसली असेल. पडताळला असेल, तर तिथूनही वगळली गेली असेल. परभणीच्या नावावर ती कुठेच नाही.

आत्या २०१६ मध्ये गेली. धाकटीचं लग्न झालं, ती आता सेलूला असते. गेल्या दिवाळीत ट्रंक उघडली तेव्हा फाईल तिच्या हाती लागली. पत्ता वाचून ती कितीतरी वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दादा, माझ्यामुळं ना?" मी काही बोललो नाही. तिने पेन मागितलं, 'माजलगाव'वर काट मारली आणि वर पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव लिहिलं. मग स्वतःच्या तपासणीसाठी कुठे जायचं ते विचारलं.