विश्लेषण : मासेमारीचा हक्क कागदावर, नदीत मासे कुठे? इंद्रायणी-पवनेचे दुखणे आर्क्टिकशी कसे जुळते?

पोटापुरती शिकार किंवा मासेमारी करणाऱ्या समाजांचा हक्क कायदा मान्य करतो. पण हा हक्क ज्या बर्फावर किंवा ज्या पाण्यात बजावायचा, तेच हातातून निसटू लागले तर? ध्रुवीय अस्वलाची शिकार करणारे इन्युइट आणि मावळ-खेड तालुक्यांतील कातकरी, ठाकर व नदीकाठचे भोई यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर आहे. अडचण मात्र एकाच जातीची आहे.

आर्क्टिकमध्ये शिकारीला परवानगी कशी?

ध्रुवीय अस्वलांची बेसुमार शिकार थांबवण्यासाठी कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघ या पाच देशांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये ऑस्लो येथे करार केला. करारात शिकारीवर बंदी आहे, पण परंपरागत हक्क बजावणाऱ्या स्थानिकांना त्यातून सूट आहे. मांस खाण्यासाठी आणि कातडे कपड्यांसाठी वापरणाऱ्या इन्युइटांचा विचार त्यामागे होता. पुढे बहुतेक ठिकाणी संख्येची मर्यादा, म्हणजे कोटा आला. ग्रीनलँडने तो २००६ मध्ये लागू केला. जगात आज साधारण २६ हजार ध्रुवीय अस्वले असावीत, असा अंदाज आहे.

अस्वलाला आज सर्वांत मोठा धोका आहे तो बर्फ वितळण्याचा. अस्वल समुद्रावरील बर्फावर दबा धरून सील पकडते. बर्फ उशिरा गोठला आणि लवकर फुटला, की अस्वलाचा उपास लांबतो आणि ते किनाऱ्यावरच्या वस्त्यांकडे वळते. याच कारणाने अमेरिकेने २००८ मध्ये अस्वलाला संकटग्रस्त यादीत टाकले. शिकाऱ्याचीही तीच कोंडी होते. पातळ बर्फावर स्लेज किंवा स्नोमोबाइल नेणे जिवावर बेतते. कोटा शाबूत आहे, हक्कही शाबूत आहे. पायाखालचा बर्फ तेवढा भरवशाचा राहिलेला नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ पूर्ण बंद केली. निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क मात्र याच कायद्यातील कलम ६५ ने राखून ठेवले. मुख्य भूमीवरच्या आदिवासींना अशी सूट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण वन्य प्राण्यांची शिकार आणि सापळे लावणे स्पष्ट शब्दांत वगळले. त्यामुळे घोरपड किंवा ससा मारणारा कातकरी आजही गुन्हेगार ठरतो. बंदीमागचे कारण समजण्यासारखे आहे. तरीही ज्या कातकऱ्यांना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत घातले आहे, त्यांच्या ताटातले काय गेले याचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही, हेही खरे.

पाणी मात्र कायद्याने सोडले. मासे आणि पाणवठ्यातील इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्क याच वनहक्क कायद्यात आहे. अट एकच, जमीन वनजमीन हवी. देहू, चिखली, आळंदीच्या पट्ट्यातून वाहणाऱ्या नदीला हा कायदा लागत नाही. तेथे मासेमारी चालत आली ती वहिवाटीने.

माशांचा हंगाम कसा चालतो?

पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे भरले, की मासे नदीतून उलट्या प्रवाहाने ओढ्यांत आणि भातखाचरांत अंडी घालायला चढतात. हेच ‘चढणीचे मासे’, कोकणात ‘वलगणीचे’. ते पकडायला होडी लागत नाही. टोपली, जुने लुगडे, पाग किंवा नुसते हातही पुरतात. बायका-मुले या कामात पुढे असतात. घरात धान्य संपत आलेले, वीटभट्टीचे काम पावसामुळे बंद आणि शेतमजुरी अजून सुरू व्हायची, अशा दिवसांत हे मासे येतात. इन्युइटांचे वर्ष बर्फावर बांधलेले असते, तसे यांचे पहिल्या पावसावर.

या नद्यांचे मासे एके काळी विज्ञानातही गाजले. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात पुण्याजवळच्या नद्यांतील अनेक मासे जगासमोर पहिल्यांदा आले. साइक्सने बऱ्याच माशांना स्थानिक नावेच ठेवली. म्हणून शास्त्रीय नावांत आजही खुद्री, कोलस, नुक्ता, मुल्या हे शब्द सापडतात. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. तो स्वच्छ, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी मागतो. इंद्रायणीच्याच वरच्या अंगाला, लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीरचे बीज तयार करणारे केंद्र सुरू केले. तिथली पिल्ले देशभरातील जलाशयांत सोडली गेली. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, आळंदीत, गेली काही वर्षे पाण्यावर पांढरा फेस तरंगतो.

पाण्यात बिघडले काय?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमीन घेतली. पुढे उद्योग चाकणपर्यंत पसरले आणि लोकवस्ती त्यांच्या मागोमाग आली. सांडपाणी वाहून नेण्याची आणि शुद्ध करण्याची सोय या वेगाने वाढली नाही. दोष एकट्या कारखान्यांना देऊन भागत नाही. नदीतला मोठा भार घरगुती मैलापाण्याचा आहे, म्हणजे बंगल्यांचा, सोसायट्यांचा आणि चाळींचाही. फेस येतो तो मुख्यतः साबण-डिटर्जंटमधील रसायनांमुळे.

मासा मरतो तो बहुधा गुदमरून. मैल्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खातात. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पाणी उन्हाने तापले की प्राणवायू आणखी कमी मावतो. वरून जलपर्णीची गादी पसरली, की हवेशी संबंधच तुटतो. घात होतो तो पहिल्या पावसात. उन्हाळाभर नाल्यांत साचलेला गाळ एकदम नदीत येतो, नेमका मासे चढायच्या दिवसांत. मग काठावर मेलेल्या माशांचा खच पडतो.

मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. पवना आणि इंद्रायणी या यादीत आहेत.

मग आता जाळ्यात काय येते?

पवना मुळेला, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि हे सारे पाणी शेवटी उजनीत जाते. उजनीच्या बाजारात आज चिलापीचा बोलबाला आहे. हा मूळचा आफ्रिकेतला मासा घाण पाण्यातही तग धरतो. काचेच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासाही तेथे आहे. तो जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. आफ्रिकी मांगूरवर २००० पासून बंदी आहे, तरी चोरून त्याची शेती चालते. चिलापीने भोयांचा धंदा तगवला, हे नाकारता येत नाही. पण तो होडी, जाळी आणि व्यापारी असलेल्यांचा धंदा आहे. टोपली घेऊन ओढ्यात उतरणाऱ्या बाईचा त्यात वाटा नाही.

नुकसान मोजले का जात नाही?

आर्क्टिकमध्ये निदान कोट्याचा हिशेब असतो. किती अस्वले मारली, कुठे मारली, याची नोंद होते आणि शिकार घटली तर ती कागदावर दिसते. घरी खाल्लेल्या माशांची नोंद आपल्याकडे कोणत्याच खात्यात होत नाही. जलाशयांतील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना दिला जातो, त्यामुळे तिथले उत्पादन मोजले जाते. ओढ्यातले चढणीचे मासे ठेक्यातही नाहीत आणि बाजारातही नाहीत. नदीत मासे मेले की पाण्याचे नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. त्या पावसाळ्यात कोणत्या वाडीवर कालवण शिजले नाही, हा रकाना पंचनाम्यात नसतो.

१८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानुसार मासे मारण्यासाठी पाण्यात विष किंवा सुरुंग टाकणे हा गुन्हा आहे. ओढ्यात विष कालवणाऱ्या एकट्या माणसासाठी हे कलम पुरेसे आहे. शहरभरच्या नाल्यांतून रोज येणाऱ्या पाण्याला ते लागू पडत नाही, कारण ते मासे मारण्याच्या हेतूने सोडलेले नसते.