नव्या आशा स्वयंसेविकांचे प्रारंभिक प्रशिक्षण : आशयाची निवड व अंमलबजावणी

प्रस्तावना :
जन्मानंतरचा पहिला महिना हा बालकाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ होय. या काळात घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीची पाहणी करण्याचे काम आशा स्वयंसेविकेकडे असते. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणतः एक हजार लोकसंख्येमागे एक याप्रमाणे आशांची निवड होऊ लागली. आशा ही त्याच गावची रहिवासी असते. ती डॉक्टर नसते, परिचारिकाही नसते. गृहभेटीच्या वेळी ती एकटी असते व निर्णय तिलाच घ्यावा लागतो. म्हणून तिच्या प्रारंभिक प्रशिक्षणात काय शिकवावे व ते कसे शिकवावे, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गडचिरोलीचा अनुभव :
घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याच्या पद्धतीचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. तुलनेसाठी ४७ गावे घेण्यात आली होती. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आरोग्यदूतांच्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. अल्पशिक्षित स्त्रीदेखील ठरावीक कौशल्ये अचूक आत्मसात करू शकते, मात्र त्यासाठी प्रत्यक्ष सराव आणि नियमित देखरेख आवश्यक असते, हा यातील शैक्षणिक धडा होय.

आशयाची निवड :
आशा योजनेच्या आरंभीच्या प्रशिक्षणात पाच पुस्तिका होत्या. पहिली फेरी ७ दिवसांची व पुढील चार फेऱ्या प्रत्येकी ४ दिवसांच्या, असे एकूण २३ दिवस वर्षभरात विभागलेले होते. त्यात योजनांची माहिती व आशाची भूमिका यांवर मोठा भर होता. पुढे सहावी व सातवी पुस्तिका आली आणि २०११ मध्ये घरगुती नवजात बालक काळजी कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला. त्यानंतर नव्या आशांसाठी ८ दिवसांचे प्रारंभिक प्रशिक्षण व त्यापुढे ५ दिवसांच्या चार फेऱ्या, अशी रचना करण्यात आली. या बदलाचा रोख माहितीकडून कौशल्याकडे आहे.

निवडीचा निकष साधा असावा : सेविका एकटी असताना कोणती चूक जिवावर बेतू शकते? त्या चुकीशी संबंधित कौशल्य प्रथम शिकवावे. योजनांचे तपशील पुस्तिकेत पाहून सांगता येतात. बाळाचा श्वास मात्र पुस्तिकेत पाहून मोजता येत नाही.

एका कौशल्याचे उदाहरण :
बाळाचे श्वास मोजणे हे काम वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात बाळ शांत असताना, पोटाच्या हालचालीकडे लक्ष ठेवून, घड्याळाप्रमाणे पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. ही संख्या ६० किंवा त्याहून अधिक आल्यास पुन्हा मोजावे लागते; दुसऱ्यांदाही तीच स्थिती आढळल्यास ते धोक्याचे लक्षण समजून बाळाला तातडीने रुग्णालयात पाठवावे लागते. ‘६० पेक्षा कमी हवेत’ हे वाक्य पाठ असलेली प्रशिक्षणार्थी लेखी परीक्षेत उत्तीर्ण होईल. पण रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजून ती घरच्यांना विनाकारण घाबरवील, किंवा अर्ध्या मिनिटातच थांबून धोका नजरेआड करील. वजन करण्यापूर्वी काटा शून्यावर आणणे, झोळीचे वजन गृहीत धरणे व काटा डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचणे, यांबाबतही हेच म्हणता येईल.

अंमलबजावणी :
अशा कौशल्यांसाठी प्रशिक्षणाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम प्रशिक्षक कृती करून दाखवील, नंतर प्रशिक्षणार्थी बाहुलीवर सराव करतील. त्यानंतर ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात, मातेची संमती घेऊन, प्रत्यक्ष बाळाची पाहणी करतील. प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी यांनी एकाच वेळी श्वास मोजून आकडे ताडून पाहावेत. मूल्यमापन तपासणी सूचीनुसार व्हावे. हजेरी पूर्ण झाली म्हणून प्रमाणपत्र देऊ नये. तुकडी ३० पेक्षा मोठी असल्यास प्रत्येकीच्या हाताला सराव मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दोन फेऱ्यांमधील काळ हादेखील प्रशिक्षणाचाच भाग होय. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी द्यावयाच्या असतात. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते. नव्या आशाच्या सुरुवातीच्या भेटींत गटप्रवर्तक सोबत असल्यास चूक तिथल्या तिथे सुधारते. एकटीने केलेली चूक पुन्हापुन्हा झाली, तर तिची सवय बनते.

भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणाऱ्या मातांशी संवाद साधायचा असतो. प्रमाण मराठीत शिकलेला सल्ला आशाने आपल्या बोलीत सांगून दाखविणे हा प्रत्येक सत्राचा भाग असावा. बाळाला लगेच आंघोळ घालू नये, चीक टाकून देऊ नये, हे घरातील सासूला न दुखावता कसे सांगावे, याचा सराव भूमिकाभिनयातून करता येतो.

निष्कर्ष :
प्रारंभिक प्रशिक्षणाचे यश किती दिवस शिकविले यावरून ठरत नाही. पहिल्या गृहभेटीत सेविका काय अचूक करू शकते, यावरून ठरते. समाजकार्य व गृहविज्ञान विभाग असलेल्या महाविद्यालयांना तपासणी सूची स्थानिक बोलीत आणणे व प्रशिक्षणोत्तर कौशल्यांचा अभ्यास करणे सहज शक्य आहे. रुग्णसेवेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांनाही हाच निकष लागू पडतो. सहा महिन्यांनी त्याच प्रशिक्षणार्थीच्या हाती घड्याळ देऊन तिला पुन्हा श्वास मोजावयास सांगावे; आपण काय शिकविले याचे उत्तर तेथे मिळेल.